द्रव्यांतील संख्या व शास्त्रातील संख्या

सहा रसांच्या संयोगाने त्रेसष्ट भेद होतात, हे आपण सर्वांनी पदवीच्या काळातच पाठ केलेले असते. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात आणि सुश्रुतसंहितेत उत्तरतंत्राच्या त्रेसष्टाव्या अध्यायात (अध्यायाचा क्रमांकही तोच, हा योग मौजेचा) ही गणना येते. एकेक रस 6, दोन-दोन 15, तीन-तीन 20, चार-चार 15, पाच-पाच 6 आणि सर्व मिळून 1. भास्कराचार्यांनी सन 1150 मध्ये लीलावतीत संयोग काढण्याची सर्वसाधारण रीत देताना सहा रसांचेच उदाहरण घेतले. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने स्थापलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे, हे खानदेशातील वैद्यांना ठाऊक असावे.

मात्र त्रेसष्ट ही बुद्धीने काढलेली संख्या होय. रस-अनुरस आणि तरतमभाव धरल्यास हे भेद गणनेपलीकडे जातात, असे चरकसंहितेतच म्हटले आहे. वनस्पतीच्या अंगी असलेली संख्या वेगळी. ती मोजावी लागते. जळगावचे सोललेले केळे टोकाशी हलके दाबले, तर उभ्या तीन फाकांत सुटते, कारण एकदल वनस्पतींची फुले बहुधा तीनच्या पटीत घडतात. कपाशीच्या फुलाला पाच पाकळ्या ठरलेल्या. बोंडातील कप्पे मात्र तीन ते पाच. म्हणजे एकाच झाडावर एक संख्या स्थिर, दुसरी चंचल. आवळा द्विदल असूनही पाचाच्या नियमात बसत नाही. त्याच्या फळावर सहा उभ्या रेषा असतात, आठळीत तीन कप्पे आणि प्रत्येकात दोन बिया.

आमच्या मते औषधी दुकानदारांनी याचा उपयोग करावा. भावमिश्रांनी हरीतकीच्या जाती सांगताना रेषा मोजल्याच आहेत : अभया पाच रेषांची, चेतकी तीन रेषांची. आज या सर्व एकाच वृक्षाच्या समजल्या जातात, तरी पूर्ण पिकून वाळलेल्या हिरड्यावरील ठळक उभ्या धारा आणि बेहड्याचा गोलसर, धारा नसलेला आकार यांवरून पोत्यातील भेसळ पुष्कळदा नजरेस येते. बाळहिरड्याला ही कसोटी लावू नये. त्यावरील सुरकुत्या वाळण्याच्या असतात. आवळकाठीतही आठळी नसल्याने मोजण्यासारखे काही उरत नाही.

चूर्ण विकत घेणाऱ्यास तर यांतील काहीच साधत नाही. तेथे सूक्ष्मदर्शक व प्रयोगशाळा हाच मार्ग, आणि लहान औषधालयांना तो परवडतोच असे नाही. म्हणून त्रिफळ्याची फळे अखंड घ्यावीत, प्रत्येक पोत्यातून वीस-पंचवीस काढून पाहावीत, फोडावीत, आणि मगच कुटावीत.