व्हीलॅन तीन, लाइन एकच

व्हीलॅन पाडले की वाहतूक वेगळी झाली, असं पुष्कळ जण गृहीत धरतात. वेगळं होतं ते ब्रॉडकास्टपुरतं. ट्रंक एकाच लाइनवरून जात असेल, तर रांगही एकच लागते.

एका रुग्णालयाचं नेटवर्क माझ्याकडे आलं, तेव्हा फोन, ऑफिस आणि पाहुण्यांचं वायफाय असे तीन व्हीलॅन होते. दोन इमारतींना जोडणारी लाइन 10 एमबीपीएसची, दोन्ही टोकांना लिनक्स राउटर. दुसऱ्या इमारतीतून सीटी स्कॅनच्या फाइली निघाल्या की फोनवरचा आवाज तुटायचा. रुग्णाचा नातेवाईक तीन-तीनदा ‘हॅलो’ म्हणत राहायचा आणि अपॉइंटमेंट घेणाऱ्या मुलीला नावसुद्धा नीट ऐकू यायचं नाही. व्यवस्थापन मोठी लाइन घ्यायच्या विचारात होतं.

आधीच्या कंत्राटदाराने तिन्ही व्हीलॅन इंटरफेसवर स्वतंत्र मर्यादा घातल्या होत्या: 2, 8 आणि 5. बेरीज 15, लाइन 10! राउटरचा पोर्ट एक गिगाबिटचा, त्यामुळे राउटरवर रांग दिसतच नव्हती. ती पुढे मोडेममध्ये साचत होती. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. हिशोब करून पाहा: 1500 बाइटची 1000 पॅकेट पुढे उभी असतील, तर 10 एमबीपीएसवर ती निघायला 1.2 सेकंद लागतात. बोलण्यासाठी एका बाजूचा विलंब 150 मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आयटीयूची शिफारस आहे.

म्हणून पहिलं काम, रांग आपल्या ताब्यात आणणं. आम्ही मूळ पोर्टवर एचटीबी लावून एकूण मर्यादा 9 एमबीपीएस ठेवली, म्हणजे मोडेममध्ये काही साचत नाही. तिच्याखाली तीन क्लास: फोनला 1, ऑफिसला 6, पाहुण्यांना 2, आणि रिकामी जागा एकमेकांकडून उसनी घ्यायची मुभा. जी.711चा एक कॉल टॅगसकट सुमारे 90 केबीपीएस खातो, त्यामुळे दहा कॉलना 1 एमबीपीएस पुरतो. फोनच्या क्लासला सर्वांत वरचा अग्रक्रम दिला आणि प्रत्येक क्लासखाली एफक्यू-कोडेल लावला. नुसत्या व्हीलॅन इंटरफेसवर एफक्यू-कोडेल लावून काही हाती लागत नाही. तो इंटरफेस पॅकेट लगेच खाली ढकलतो, रांग तिथे बनतच नाही.

फिल्टर लिहिताना मात्र डोळ्यांत तेल घाला. मूळ पोर्टवर टॅग लागलेली पॅकेट ‘आयपी’च्या फिल्टरला सापडत नाहीत, तिथे 802.1क्यू असंच सांगावं लागतं. नाही सांगितलं तर सगळं डिफॉल्टमध्ये पडतं. डिफॉल्टच दिला नसेल, तर ती पॅकेट मर्यादेला न जुमानता थेट निघतात. आणि डिफॉल्टला अगदी चिंचोळी जागा देऊ नका: आयपी पत्त्यांवर वर्गवारी केली असेल तर एआरपी तिथेच येतो, तो अडकला की चालू मशीनसुद्धा नेटवर्कवरून गायब झाल्यासारखी दिसतात.

पुढचा स्विचही अग्रक्रम पाळणार असेल, तर आणखी एक गोष्ट. फोन आपल्या पॅकेटवर डीएससीपी 46 लावतो, पण ते टॅगमधल्या तीन बिटांत आपोआप उतरत नाही. लिनक्सला इग्रेस मॅप दिला नाही, तर तिथे शून्यच जातं.

चाचणी रात्रीच्या रिकाम्या लाइनवर घेऊ नका. मोठी फाइल सोडा, सोबत पिंग चालू ठेवा आणि टीसीच्या आकडेवारीत बॅकलॉग कुठल्या क्लासमध्ये वाढतोय ते बघा. फोनच्या क्लासमध्ये तो वाढत असेल, तर फिल्टर पुन्हा तपासा. हे सगळं दोन्ही टोकांना करायचं, कारण राउटर फक्त स्वतः पाठवतो त्याच वाहतुकीची रांग लावू शकतो.