रोजचा एक अध्याय आणि हातातला मोबाईल

शीर्षक वाचून लगेच पान उलटू नका! हे प्रवचन नाही. प्रवचन द्यायची माझी लायकी नाही, हे पुढे कळेलच.

माझी आजी कोर्लईला, किल्ल्याच्या पायथ्याशी राहते. घरात आम्ही पोर्तुगीजमधून आलेली आमची गावची बोली बोलतो, पण बायबल आजीला मराठीतच लागतं. आता तिला बारीक अक्षर दिसत नाही. म्हणून मी हॉस्टेलला आल्यापासून आमचा करार झाला होता, की रोज रात्री नऊ वाजता मी फोनवर एक अध्याय वाचायचा. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, जोडाक्षरांना अडखळते. आजी न हसता शब्द दुरुस्त करते.

एका रात्री 'पाच मिनिटांत करते' म्हणून मी रील्स बघत बसले. घड्याळ पाहिलं तेव्हा ११.२० झाले होते! सकाळी फोन केला, तर आजी म्हणाली, "अगं, तुझा अभ्यास असेल म्हणून मी नाही केला." ती जपमाळ हातात घेऊन खुर्चीतच झोपली होती. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

मग इंजिनिअरसारखा विचार करायचं ठरवलं. फोन का जिंकतो? पुस्तकाला पान असतं, अध्यायाला शेवट असतो. तिथे आपण थांबतो. २००६ साली एझा रास्किन यांनी न संपणारं स्क्रोल तयार केलं आणि थांबायची ती जागाच गेली. पुढे याच शोधाबद्दल त्यांनी खेद व्यक्त केला. त्यात पुढचा व्हिडिओ चांगला निघेल की टाकाऊ, हे माहीत नसतं. कधीतरी मिळणारं बक्षीस सवय जास्त घट्ट करतं, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी प्रयोगांतून दाखवलं होतं. शिवाय आपण जे बघतो तेच ॲप आणखी दाखवतं, म्हणजे चक्क पॉझिटिव्ह फीडबॅक! अशा सिस्टिमला बाहेरून मर्यादा घालावी लागते. नुसत्या निश्चयाने ती थांबत नाही.

दुसरी बाजूही पाहिली. मराठीत हे वाचायला मिळावं म्हणून लोकांनी काय कष्ट घेतले! फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी गोव्यात मराठी ओवीत 'ख्रिस्तपुराण' लिहिलं. १६१६ मध्ये ते छापलं गेलं तेव्हा देवनागरीचे खिळे नव्हते, म्हणून मराठी ओव्या रोमन लिपीत छापल्या. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, साध्या माणसांना कळेल अशा मराठीत अख्ख्या बायबलचं भाषांतर केलं आणि १९२२ मध्ये वारल्या. आणि मला मात्र दहा मिनिटं मिळत नाहीत?

आता गणित. नव्या करारात २६० अध्याय आहेत. सोमवार ते शुक्रवार रोज एक वाचला, तर ५२ आठवड्यांत, म्हणजे वर्षात, तो पूर्ण होतो. अडखळत वाचूनही मला एका अध्यायाला दहा-बारा मिनिटं लागतात. माझ्या फोनने दाखवलेला रोजचा स्क्रीन टाईम होता ३ तास ४० मिनिटं! म्हणजे प्रश्न वेळेचा नव्हताच.

मी काय केलं ते सांगते :

१) सोशल मीडिया बंद केला नाही. सेटिंगमध्ये दिवसाला ४५ मिनिटांची मर्यादा लावली.

२) वाचन छापील पुस्तकातूनच. फोन स्पीकरवर, पालथा, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला.

३) आधी अध्याय, मग रील्स. क्रम उलटा झाला की संपलंच.

४) एखादा दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी दोन अध्यायांचा दंड नाही. तिथूनच पुढे.

इंटरनेट शत्रू आहे असं मी मानत नाही. २००६ मध्ये पंधराव्या वर्षी वारलेला कार्लो अक्युटिस वेबसाईट बनवायचा. ७ सप्टेंबर २०२५ रोजी चर्चने त्याला संत घोषित केलं. व्हिडिओ गेम त्यालाही आवडायचे, पण आठवड्याला एकच तास, असं त्याच्याबद्दल सांगतात.

दीड महिन्यात मार्कचे १६ अध्याय संपवून आम्ही लूक सुरू केलाय. चार दिवस चुकले, खोटं कशाला बोलू? पण पूर्वी मी अध्याय 'उरकायचे', आता मध्येच थांबून आजीला अर्थ विचारते.

माझी रूममेट ज्ञानेश्वरी वाचते. तिलाही हिशोब काढून दिला : सुमारे नऊ हजार ओव्या, रोज २५, म्हणजे वर्षभराचं काम! तुमचा ग्रंथ कोणताही असो, दहा मिनिटं काढून बघा. आणि घरी कुणी फोनची वाट बघत असेल, तर आधी तो फोन करा. रील्स काय, कुठे पळून जात नाहीत!