टर्बो बदलण्याआधी ब्रीदर बघा



३१ जुलैपर्यंत बंदी आहे, बोटी धक्क्याला आहेत आणि इंजिनांची कामं चालू आहेत, म्हणून हे लिहितोय. मागच्या हंगामात आपल्या एका सभासदाच्या ट्रॉलरचा टर्बो तेल मारायला लागला. नवा बसवला, तर थोड्याच दिवसांत तोही तेच करू लागला. शेवटी दोष निघाला ब्रीदरमध्ये. पाईप दुमडलेला, आणि आतली जाळी काळ्या चिकट गाळाने बुजलेली. टर्बोचे पैसे फुकट गेले.

यात होतं काय? इंजिन चालताना रिंगांच्या बाजूने थोडा गॅस खाली चेंबरमध्ये उतरतोच, नव्या इंजिनातसुद्धा. टर्बो हवा दाबून भरतो, त्यामुळे सिलिंडरमध्ये दाब जास्त आणि खाली उतरणारा गॅसही जास्त. तो बाहेर काढायचं काम ब्रीदरचं. ब्रीदर तुंबला की चेंबरमध्ये दाब साचतो. डिपस्टिक वर उचलते, क्रँकच्या ऑइल सीलमधून तेल गळतं. टर्बोला तेल पंपाने जातं, पण परत येतं ते आपल्या वजनाने. खाली दाब असेल तर ते उतरणार कसं? मग ते सीलमधून हवेच्या पाईपात शिरतं आणि निळा धूर येतो. फारच तेल गेलं तर डिझेल बंद करूनही इंजिन त्या तेलावर पळत सुटतं. तेव्हा हवेचं तोंड फळीने बंद करावं लागतं. हात लावू नका.

इंजिन रूममध्ये धूर नको म्हणून काही जण ब्रीदरला चिंधी कोंबतात. मी स्वतः बघितलंय. कृपा करून असं करू नका.

तपासायचं असं. इंजिन गरम करून स्लोवर ठेवा आणि तेल भरायचं झाकण सांभाळून सैल करा, गरम तेल उडतं. थोडी वाफ आली तर चालेल. भकभक धूर येत असेल, तर इंजिन बंद करून ब्रीदर डिझेलने धुवा, पाईप मोकळा करा आणि परत बघा. तरीही तसंच असेल तर लगेच इंजिन खोलू नका, आधी कॉम्प्रेशन मोजून घ्या. कारण व्हॉल्व्हचे गाईड झिजले असले तरी टर्बोची हवा तिथून टॅपेट कव्हरखाली येते आणि लक्षण तेच दिसतं. मिस्त्री मात्र रिंगच सांगतो.

कव्हर उघडलंच तर टॅपेटही लावून घ्या, इंजिनाच्या पुस्तकातल्या मापाने आणि गेज पत्तीने, कानाने नको. टाईट टॅपेट आवाज करत नाही म्हणून बरा वाटतो, पण व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो.