आधी पाय तपासून घ्या

माझ्या मणक्याच्या गादीचं ऑपरेशन झालंय हे ओळखीच्या सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे, कंबर धरली की लोक मला विचारतात, कोणाकडे जाऊ? मी आधी एवढंच विचारतो, तुम्हाला कोणी तपासलंय का? झोपवून पाय सरळ वर उचलून पाहिला? टाचांवर, चवड्यांवर चालवलं? बहुतेकांचं उत्तर नाही असतं. गोळ्या, पट्टा आणि एमआरआय मात्र झालेला असतो.

माझी सुरुवात साध्या उसणेने झाली. पायाळू माणसाचा पाय लावला, तेलाने रगडलं. उसण उतरली, ती बहुधा आपोआपच उतरते. पुढे कळ कुल्ल्यातून पोटरीत जायला लागली. एका दवाखान्यात वजनं लावून कंबर ताणली. एका हाडवैद्याने मणका बसवतो म्हणून झटका दिला. मग कोणीतरी पुड्या आणून दिल्या आणि कळ थांबली. चेहरा सुजला, रक्तातली साखर वाढली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, पुडीत स्टेरॉइड असणार. दरम्यान चालताना डाव्या पायातली चप्पल निसटायची आणि मला पत्ता नसायचा. हे प्रथम हेरलं एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी. त्यांनी पंजा वर उचलायला सांगितला, तो उचलेना. त्यांनी शेकही दिला नाही, व्यायामही दिला नाही. चिठ्ठी लिहून त्याच दिवशी मणक्याच्या सर्जनकडे पाठवलं. ऑपरेशननंतर पाय बराच सुधारला, तरी अंगठ्यात पूर्वीचा जोर नाही. माझ्या कमरेला इतक्या जणांनी हात लावला, पण पायाकडे पाहिलं फक्त त्यांनी.

म्हणून ॲलोपॅथी की आयुर्वेद, हा वाद नंतर. लघवी अडली किंवा झालेली कळेना, जांघेच्या आतला भाग बधिर झाला, पंजा पडायला लागला, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा; अशा वेळी तासांना किंमत असते. संध्याकाळचा ताप, घटणारं वजन, रात्री झोपमोड करणारी कळ असेल तर टीबीची शंका घ्या. मणक्याचा टीबी आपल्याकडे दुर्मीळ नाही. तो औषधांनी बरा होतो, पण पोखरलेल्या मणक्याला झटका दिला तर माणूस कायमचा अधू होऊ शकतो. म्हातारं माणूस घसरून पडल्यावर पाठ दुखत असेल तर मालीश करू नका, एक्स-रे काढा. तरुण मुलाची कंबर महिनोन् महिने पहाटे ताठरते आणि हिंडल्याफिरल्यावर सुटते, तेव्हा संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा.

यातलं काही नसेल, आणि बहुतेकांना नसतंच, तर निवडीला भरपूर वाव आहे. अंथरुणात पडून राहू नका: १९८६ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात सात दिवस झोपून राहायला सांगितलेल्यांपेक्षा दोन दिवसवाले लवकर कामावर परतले, आणि दुखणं काही वाढलं नाही. एमआरआयमधल्या ‘गादी झिजली’ या शब्दांनी हादरू नका. कंबर अजिबात दुखत नसलेल्या विशीतल्या माणसांतही ३७ टक्के जणांत ती झीज दिसते, ऐंशीच्या घरात ९६ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी व्यायाम, दुखणं समजावून सांगणं, मालीश, एवढंच काय प्रशिक्षित हातांनी मणक्याची हाताळणीही मान्य केली. पट्टा आणि वजनं लावून ताणणं यांना नाही म्हटलं. आपल्याकडे मात्र हेच दोन उपाय सर्रास दिले जातात, याची मला खरोखर चीड येते.

कमरेवर कोमट तेल धरण्याच्या कटिबस्तीने आराम वाटत असेल तर जरूर घ्या, नोंदणीकृत वैद्यांकडे. चांगला वैद्य गृध्रसी, म्हणजे पायात उतरणारी सायटिकाची कळ, असं निदान करताना पायही तपासतो. ज्या औषधावर नाव आणि घटक छापलेले नाहीत ते घरात आणू नका, आणणारा कितीही जवळचा असो. व्यायाम शिकवणारा माणूस घराजवळचा निवडा, कारण व्यायाम आठवड्यांनी नव्हे, महिन्यांनी फळतो.

ऑपरेशनचं लोकांना सर्वांत भय. ते पायातल्या कळेसाठी असतं, नुसत्या कंबरदुखीला क्वचितच. २००७ साली नेदरलँड्समधल्या चाचणीत लवकर ऑपरेशन झालेल्यांची सायटिका लवकर थांबली. वर्षभराने, थांबून पाहिलेलेही जवळपास तितकेच बरे होते, त्यातल्या काहींना मात्र दरम्यान ऑपरेशन करावं लागलं. तेव्हा पायात जोर शाबूत असेल तर सर्जनला बेलाशक विचारा, सहा आठवडे थांबलो तर चालेल का? पंजा उचलत नसेल, तर हा प्रश्न विचारत बसू नका.