वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ

जबलपूरच्या अधारताल या वस्तीचे नाव राणी दुर्गावतीचे मंत्री अधारसिंह यांच्या तलावावरून पडले. आज तेथे कृषी विद्यापीठ आहे, कारखानेही आहेत. समजा, तेथील एका मराठीभाषक कामगारास वरिष्ठांनी इंग्रजीत लिहिले : 'पुल अप युवर सॉक्स.' पायमोजे वर ओढा, असा वाच्यार्थ घेऊन तो हसला, तर त्याच्या नोकरीवर गदा येऊ शकते. (येथेही कोणी गदा घेऊन येत नाही!) कारण लक्ष्यार्थाने ही ताकीद आहे : कामात सुधारणा करा.

'कंबर कसणे' हा मराठीतील जवळचा वाक्प्रचार. हिंदीतही 'कमर कसना' आहेच. तथापि दोहोंत भेद आहे. कंबर माणूस स्वतःच्या निर्धाराने कसतो. पायमोजे ओढण्यास बहुधा दुसरा सांगतो, आणि त्यात पूर्वीच्या ढिलाईचा ठपका असतो. म्हणून हा प्रयोग वरिष्ठांस उद्देशून केल्यास उद्धटपणा ठरतो.

'अंडर द वेदर' म्हणजे प्रकृती बरी नसणे. हवामानाशी त्याचा संबंध नाही. 'लेट अस कॉल इट अ डे' म्हणजे आजचे काम येथेच थांबवू. हे न उमगल्यास तो कामगार पुढील कामाची वाट पाहत उगाच बसून राहील.