ऑनलाइन लिलावातील काजू बी : खरेदीदार व विक्रेता यांच्यातील तंटे

लिलाव हा प्रकार कोकणातील बागायतदारास नवा नाही. मुंबईच्या बाजारात हापूस आंब्याच्या पेटीचा भाव दीर्घकाळ रुमालाखाली, बोटांच्या खुणांनी ठरत आला. माल पाठविणाऱ्यास तो आडत्याच्या पट्टीवरूनच कळे. त्या पद्धतीत भाव झाकलेला असे, परंतु माल सर्वांच्या डोळ्यांसमोर असे. संगणकावरील लिलावात याच्या नेमके उलट झाले आहे. भाव उघड दिसतो, आणि माल मात्र शेकडो मैल दूर, कोणा अनोळखी शेतकऱ्याच्या पडवीत पडलेला असतो. आजचे बहुतेक तंटे या एका फरकातून उत्पन्न होतात.

तळेरे हे गाव अशा व्यवहाराच्या दृष्टीने मोक्याच्या ठिकाणी आहे. मुंबई-गोवा महामार्गावरील या नाक्यावरून एक रस्ता विजयदुर्गाकडे उतरतो व दुसरा गगनबावड्याच्या घाटाने कोल्हापूरकडे चढतो. काजू फोडणारे कारखानदार सिंधुदुर्गात आहेत, तसेच घाटावर आजरा व चंदगड तालुक्यांतही आहेत. तळेऱ्याच्या आसपासच्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन दहा-वीस पोत्यांचा लॉट लिलावात मांडला, तर त्यावर बोली लावणारा कारखानदार तो माल प्रत्यक्ष पाहीलच असे नाही. त्याच्यासमोर असते ते फक्त वर्णन व छायाचित्र.

केंद्र शासनाने १४ एप्रिल २०१६ रोजी राष्ट्रीय कृषी बाजार, म्हणजेच ई-नाम, ही योजना प्रथम २१ बाजारांत सुरू केली. तिची व्यवस्था लघु कृषक कृषी व्यापार संघाकडे आहे. या योजनेतील क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. माल बाजार आवारात येताच त्याची नोंद होऊन लॉटला क्रमांक मिळतो; नंतर गुणवत्तेची तपासणी होते, तिचा निष्कर्ष बोली लावणाऱ्यांना दिसतो, आणि मगच बोली सुरू होते. सर्वात चढी बोली स्वीकारावी की नाकारावी, हा अधिकार शेतकऱ्याकडे राहतो. त्यापुढे वजन, बिल व बँक खात्यात रक्कम. तपासणी बोलीच्या आधी ठेवण्यात आली आहे, यात या पद्धतीचे सारे मर्म आहे. खाजगी संकेतस्थळांवर, किंवा भ्रमणध्वनीवरील गटांत चालणाऱ्या लिलावांत हीच पायरी बहुधा गाळली जाते.

अशा व्यवहारात खरेदीदाराची तक्रार ठरलेली असते : वर्णन एक, माल दुसरा. विक्रेत्याची तक्रारही ठरलेली असते : बोली एक, पैसे दुसरे. गाडी दारात आली, पोती ओटीवर आली, आणि मग खरेदीदाराचा माणूस बी हातात घेऊन म्हणतो की माल ओला आहे, कडता द्यावा लागेल. शेतकऱ्यास वाटते की आपली अडवणूक होत आहे. पुष्कळदा ती होतेही. परंतु पुष्कळदा माल खरोखरच ओला असतो व शेतकऱ्यास त्याची कल्पना नसते. दोघांपैकी कोण खरा, हे ओटीवर उभे राहून भांडणाने ठरत नाही.

ओलाव्याचा हिशेब साधा आहे. १०० किलो बीमध्ये १४ टक्के ओलावा असेल तर कोरडा भाग ८६ किलो भरतो. तीच बी ८ टक्के ओलाव्यापर्यंत वाळविली तर तिचे वजन सुमारे ९३.५ किलो राहते. समजा, भाव किलोस १२० रुपये ठरला आहे व वर्णनात “८ टक्के ओलावा” असे लिहिले आहे. अशा वेळी १४ टक्क्यांचा माल घेणारा खरेदीदार क्विंटलमागे साडेसहा किलो पाणी बीच्या भावाने घेतो, म्हणजे त्याचे सुमारे ७८० रुपये जातात. त्याने क्विंटलमागे ७८० रुपये कापले तर तो न्याय होय. त्याने दीड हजार कापले तर ती लूट होय. मात्र ओलावा मोजलाच नसेल, तर यांतील फरक सांगणार कोण?

दुसरा वाद जातींच्या सरमिसळीचा. वेंगुर्ला संशोधन केंद्राच्या वेंगुर्ला-४ या जातीची बी सरासरी ७.७ ग्रॅम वजनाची असते, म्हणजे किलोमध्ये सुमारे १३० बिया बसतात. वेंगुर्ला-७ ची बी सुमारे १० ग्रॅमची असून किलोत १०० च्या आसपास बसतात. यांत बारीक गावठी बी मिसळून, वर मोठ्या बियांचा थर ठेवून काढलेले छायाचित्र खोटे नसते, पण खरेही नसते. कित्येकदा यात कपट नसून केवळ घरातील सवय असते. बागेतील सर्व झाडांखालची बी एकाच टोपलीत गोळा होते. परिणाम मात्र तोच.

यावर उपाय म्हणून गावपातळीवरील कर्मचाऱ्यांनी काप-चाचणीची पद्धत शेतकऱ्यांस प्रत्यक्ष करून दाखवावी. लॉटमधील प्रत्येक पोत्याच्या वरच्या, मधल्या व तळच्या भागांतून थोडी थोडी बी काढून एकत्र करावी व तीतून एक किलो नमुना घ्यावा. प्रथम बिया मोजाव्या. नंतर प्रत्येक बी कात्रीने उभी कापावी. टरफलातील तेलाने कातडी भाजते, म्हणून हातांस आधी खोबरेल तेल चोळावे. चांगला गर एकीकडे, डागी व सुरकुतलेला दुसरीकडे, कुजका व पोकळ तिसरीकडे ठेवावा. चांगल्या गराच्या पूर्ण वजनात दुसऱ्या प्रकारच्या गराचे निम्मे वजन मिळवावे व तिसरा सोडून द्यावा. काजूच्या व्यापारात उतारा ८० किलोच्या पोत्यामागे पौंडांत सांगितला जातो. त्यासाठी मिळालेल्या ग्रॅमच्या आकड्यास ०.१७६ ने गुणावे. गर २७० ग्रॅम भरला तर उतारा साडेसत्तेचाळीस पौंडांच्या आसपास येतो. हा आकडा खरेदीदारास ठाऊक असतो आणि विक्रेत्यास ठाऊक नसतो, हीच सौद्यातील विषमता आहे. तो वर्णनात लिहिलेला असला म्हणजे कारखानदार बोलीही मोकळ्या मनाने लावतो, कारण अज्ञात मालावरील बोलीत तो आपल्या संभाव्य नुकसानीची रक्कम आधीच वजा करीत असतो.

चाचणीचा नमुना कापून संपतो. म्हणून त्याच वेळी तशाच मिश्रणातून आणखी तीन पुड्या भरून मोहोरबंद कराव्या : एक विक्रेत्याकडे, एक खरेदीदाराकडे व एक तटस्थ ठिकाणी, सोसायटीत किंवा शेतकरी गटाच्या कार्यालयात. पुड्या हवाबंद असाव्या. साध्या कागदात बी ओलावा ओढते किंवा सोडते आणि पुरावाच बदलतो.

मालविक्री अधिनियम, १९३० हा या बाबतीत जुना असला तरी उपयुक्त आहे. त्याच्या १५ व्या कलमानुसार, विक्री नमुना व वर्णन या दोन्हींवरून झाली असेल तर माल केवळ नमुन्याशी जुळून भागत नाही, तो वर्णनाशीही जुळला पाहिजे. लिलावासंबंधीच्या ६४ व्या कलमानुसार प्रत्येक लॉट हा स्वतंत्र करार समजला जातो, लिलाव पुरा झाल्याचे जाहीर होईपर्यंत बोली मागे घेता येते, आणि विक्रेत्याने भाव चढविण्यासाठी खोटी बोली लावविली असेल तर तो सौदा रद्द करण्याचा पर्याय खरेदीदारास मिळतो. मेहुण्याच्या नावाने बोली लावून भाव वाढविणे ही गावात थट्टा समजली जाते. कायद्याच्या दृष्टीने ती थट्टा नव्हे. उलटपक्षी, सौदा पुरा झाल्यावर खरेदीदाराने गैरवाजवीपणे माल उचलला नाही, तर ५६ व्या कलमाखाली विक्रेत्यास भरपाई मागता येते.

कायद्याच्या पलीकडे परस्परविश्वासाचाही प्रश्न आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ईबे या लिलाव-संकेतस्थळाने तो सोडविण्यासाठी खरेदीदार व विक्रेता यांनी एकमेकांस शेरे देण्याची पद्धत घातली. वाईट शेरा देणाऱ्यास उलट वाईट शेरा मिळू लागला, लोक खरे लिहिण्यास कचरू लागले, आणि अखेर २००८ मध्ये विक्रेत्यांचा वाईट शेरा देण्याचा अधिकार काढून घेण्यात आला. त्यावर विक्रेते नाराज झाले. शेऱ्यांनी मोजमापाची जागा भरून निघत नाही.

काजूच्याच व्यापारातील टांझानियाचे उदाहरण याहून कठोर आहे. त्या देशाची कच्ची बी मोठ्या प्रमाणावर भारतात येते. तेथे २०१८ च्या हंगामात व्यापाऱ्यांच्या बोली अपुऱ्या वाटून शेतकऱ्यांनी माल देण्याचे नाकारले. नोव्हेंबरमध्ये अध्यक्ष जॉन मागुफुली यांनी किलोस ३,३०० शिलिंग दराने सैन्यामार्फत खरेदी करण्याचा आदेश दिला. पुढे अनेक शेतकऱ्यांस पैसे मिळण्यास विलंब लागला व सरकारकडे माल पडून राहिला. बोली नाकारण्याचा अधिकार मौल्यवान आहे, परंतु ज्याच्याकडे माल कोरडा ठेवण्याची सोय आहे त्यालाच तो परवडतो.

सिंधुदुर्गात हा प्रश्न मे महिन्याच्या अखेरीस तीव्र होतो. पावसाची पहिली सर आली की बी हवेतील ओलावा ओढू लागते, आणि गाडी पाठविण्यास चालढकल करणाऱ्या खरेदीदारास ते पक्के ठाऊक असते. यास्तव लॉट मांडतानाच माल उचलण्याचा अखेरचा दिवस, हमाली व तोलाई कोणी द्यावयाची, आणि ओलाव्याच्या प्रत्येक जादा टक्क्यास किती कडता, हे तिन्ही लिहून ठेवावे. गाडी आल्यावर वजनापूर्वी दोघांसमोर मोहोरबंद पुडी फोडून माल ताडून पाहावा. ठरल्या दिवशी गाडी न आल्यास त्याच दिवशी लेखी सूचना पाठवावी व तिची प्रत राखावी. तटस्थ ठिकाणची पुडी मात्र रक्कम खात्यात जमा झाल्याची खात्री होईपर्यंत फोडू अगर फेकू नये.