नवी डिस्क चालत का नाही?

सालेकसा तालुक्यातील एका गावी सेवा केंद्र आहे. एक ताई ते चालवतात. सातबारा, दाखले, धान विकण्यासाठीची नोंदणी, सारे काम तेथील एकाच संगणकावर होते. दिवाळीच्या सुमारास धान घरी येऊ लागले की तेथे पाय ठेवायला जागा नसते. ऐन त्याच दिवसांत संगणक अडला. आतून टिक टिक असा आवाज येऊ लागला. एके सकाळी तो सुरूच झाला नाही. लोकांचे कागद आत अडकले. ताईंनी आम्हाला निरोप धाडला. आम्ही गेलो.

टिक टिक आवाज हार्ड डिस्कचा होता. हार्ड डिस्क म्हणजे संगणकाची कोठी. आपले सारे कागद तेथे साठवलेले असतात. तिच्या आत गुळगुळीत चकत्या वेगाने फिरतात. 1956 साली आयबीएम या अमेरिकन कंपनीने अशी पहिली डिस्क बाजारात आणली. तिच्यात पन्नास मोठाल्या चकत्या होत्या आणि वजन एका टनाच्या वर होते. एवढ्या धुडात मावत होती फक्त 50 लाख अक्षरे! आज तळहातावर मावणारी डिस्क तिच्या दोन लाखपट साठवते.

गोंदियाहून नवी डिस्क आणली. आता ती बसवायची.

आधी संगणक बंद केला. नुसता बंद नव्हे, भिंतीतील पिनच काढली. मग संगणकाच्या पेटीच्या लोखंडाला हात लावला. आपल्या अंगात कधी कधी थोडी वीज साठते. ती नाजूक भागांना मारते. लोखंडाला हात लावला की ती निघून जाते. डिस्कला दोन केबली असतात. रुंद केबल वीज देते. अरुंद केबलीतून माहिती येते-जाते.

जुनी डिस्क काढली. कागदात गुंडाळली. वर "जुनी, हात लावू नये" असे लिहिले आणि ताईंच्या कपाटात ठेवली. तेथे एक उत्साही पोरगा होता. तो म्हणाला, "दोन्ही डिस्क एकदमच लावा ना जी. काम लवकर होईल." आम्ही नाही म्हटले. का, ते पुढे कळेल.

नवी डिस्क लावून संगणक सुरू केला. काळ्या पडद्यावर इंग्रजीत अक्षरे आली, "नो बूटेबल डिव्हाइस". जमलेल्यांपैकी एक काकाजी म्हणाले, "नवीन हाय, मंग कायले नाही चालत? डिस्कच खराब हाय जी. वापस करा."

डिस्क खराब नव्हती. ती कोरी होती. संगणकाला उठवणारा आणि कामाला लावणारा एक कारभारी लागतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. विंडोज हा असाच एक कारभारी. हा कारभारी डिस्कवरच राहतो. जुन्या डिस्कबरोबर तोही गेला. म्हणून संगणक सांगत होता, "मला उठवणारे कोणी सापडत नाही." पडद्यावरचे वाक्य वाचले नाही, तर माणूस चांगली डिस्क परत करून येतो.

विंडोज पेनड्राईव्हवरून घालतात. आम्ही पेनड्राईव्ह लावला. पुन्हा तेच वाक्य! येथे चूक आमची होती, ती सांगून टाकतो. आम्ही विंडोजची फाईल पेनड्राईव्हवर नुसती उतरवून आणली होती. बियाण्याचे पोते बांधीवर नेऊन ठेवले म्हणजे पेरणी झाली काय? त्या फाईलीवरून पेनड्राईव्ह तयार करावा लागतो. त्यासाठी वेगळा प्रोग्राम असतो आणि पेनड्राईव्ह निदान 8 जीबीचा लागतो. त्यावरचे आधीचे सारे पुसले जाते, हेही ध्यानात ठेवावे. दुसऱ्याच्या संगणकावर तो तयार करून आणेपर्यंत दिवस गेला. रांगेतली माणसे घरी परतली.

दुसऱ्या दिवशी पेनड्राईव्ह चालला. संगणकाने विचारले, विंडोज कोठे ठेवू? खाली डिस्कची यादी हवी होती. यादी रिकामी!

आता काय करावे? अशा वेळी पुष्कळ लोक दहा गोष्टी एकदम बदलतात. मग कशाने बिघडले आणि कशाने सुधारले, काहीच कळत नाही. आम्ही एकच गोष्ट पाहिली. संगणक सुरू होताना ठरावीक बटण दाबले की त्याचे मूळ पान उघडते. कोठे एफ 2, कोठे डिलीट, कंपनीप्रमाणे बटण वेगळे. या पानाला बायोस म्हणतात. तेथे डिस्कचे नाव दिसते का, हे पाहायचे. नाव तेथे दिसते, पण विंडोजच्या यादीत दिसत नाही, तर यादीला बहुधा ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्राम हवा असतो. तो संगणकाच्या कंपनीकडून मिळतो. नाव बायोसमध्येही नाही, तर दोष केबलीत, जोडणीत नाही तर डिस्कमध्ये. आमच्या डिस्कचे नाव दिसले नाही. पिन काढली. अरुंद केबल बदलली. डिस्क दिसू लागली!

डिस्क 1 टीबीची होती. पडद्यावर आकडा आला 931 जीबी. काकाजी लगेच म्हणाले, "दुकानदारानं मापात मारलं जी!" तसे नव्हते. डिस्कची कंपनी हजाराच्या पटीत मोजते. विंडोज 1024 च्या पटीत मोजते. धान तेवढेच, पायली थोडी मोठी. म्हणून आकडा कमी दिसतो.

तरी विंडोज जाईना. आता तक्रार वेगळी होती. डिस्कवर जागेची आखणी "एमबीआर" पद्धतीची आहे, येथे "जीपीटी" पद्धतीची हवी. जमिनीचे बांधीनिहाय तुकडे पाडतात आणि त्यांची नोंद ठेवतात, तशी डिस्कचीही नोंद असते. एमबीआर ही जुनी नोंदवही. ती साधारण 2 टीबीपर्यंतच मोजू शकते. जीपीटी ही नवी. आजचे संगणक नव्या रीतीने उठतात, त्यांना नवी वही लागते. आमच्या डिस्कवर कोणीतरी आधी जुनी वही मांडून ठेवली होती. उपाय सोपा. यादीतले सारे तुकडे डिलीट करायचे. जागा मोकळी झाली की विंडोज स्वतः नवी वही मांडते.

पण उपाय सोपा म्हणूनच धोक्याचा. डिलीट केले की त्यावरचे सारे गेले. यादीत डिस्कवर "जुनी", "नवी" असे लिहिलेले नसते. फक्त "डिस्क 0", "डिस्क 1" असे असते. दोन्ही डिस्क लावलेल्या असत्या आणि बोट चुकले असते, तर अर्ध्या गावाचे सातबारे पुसले गेले असते. पोरगा हे ऐकून गप्प झाला. डिलीटचे बटण मग आम्ही त्यालाच दाबू दिले.

विंडोज आत गेली. संगणक स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू झाला, आणि पाहतो तो पुन्हा पहिलेच पान! सारे कपाळाला हात लावून बसले. काही बिघडले नव्हते. पेनड्राईव्ह अजून लावलेलाच होता. संगणक त्यावरूनच पुन्हा उठला. पेनड्राईव्ह काढला, संगणक परत सुरू केला. अर्ध्या तासात काम झाले.

मग पुन्हा पिन काढून कपाटातली जुनी डिस्क जोडली. टिक टिक करणारी डिस्क फार वेळ चालवू नये. म्हणून आधी फक्त नोंदणीच्या कागदांचा फोल्डर उतरवला. बहुतेक कागद निघाले. काही फायली उघडल्या नाहीत. त्या ज्यांच्या होत्या, त्यांची नावे ताईंनी वहीच्या पानावर लिहिली आणि ते पान दारावर चिकटवले. "यांनी सातबारा, आधार व पासबुक पुन्हा आणावे." काकाजी दारापाशी थांबले. बोट फिरवत त्यांनी यादी वाचली. तिसरे नाव त्यांचेच होते. ते कागद आणायला घरी गेले.